नवं उपकरण टिकेल की बारगळेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर काही महिन्यांनी एखादं नवं उपकरण ‘आता सगळं बदलणार’ अशी आरोळी ठोकत बाजारात येतं आणि लोक विचारू लागतात, हे राहील का हो? खालचे प्रश्न त्याच जातीचे आहेत. उत्तरांत माझी मतं भरपूर आहेत, ती मतं म्हणूनच वाचावीत.

अशी भाकितं मुळात करता येतात का?

निम्मी येतात. काय फसणार हे बऱ्यापैकी सांगता येतं. काय चालणार, आणि किती चालणार, हे सांगणं मात्र फार अवघड आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एटीअँडटी कंपनीने मोबाइल फोनच्या भवितव्याबद्दल सल्लागारांना विचारलं. २००० सालापर्यंत देशात सुमारे ९ लाख ग्राहक होतील, असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात ते १० कोटींच्या पुढे गेले.

सल्लागार काही अडाणी नव्हते. त्या काळातला फोन डोळ्यांसमोर आणा. मोटोरोलाचा डायनाटॅक १९८३मध्ये आला तेव्हा त्याचं वजन सुमारे ८०० ग्रॅम होतं, किंमत ३,९९५ डॉलर होती, आणि अर्धा तास बोललं की बॅटरी संपायची. त्या फोनला ९ लाख गिऱ्हाइकं म्हणजे खरं तर पुष्कळच झाली. तो फोन पुढच्या पंधरा वर्षांत किती हलका आणि किती स्वस्त होईल, तिथे त्यांचा अंदाज चुकला.

नवं उपकरण दिसलं की सर्वांत आधी काय तपासायचं?

ते काय काय करतं हे नंतर पाहा. ते सांगायला जाहिरात आहेच. आधी हे पाहा की ते तुमच्याकडून रोज काय मागणार आहे. रोज रात्री आठवणीने चार्जिंगला लावायचं का? अंगावर चढवायचं का? चार लोकांत वापरताना अवघडल्यासारखं होणार का? घरातल्या बाकीच्यांनाही शिकवावं लागणार का? अशा मागण्या पहिल्या आठवड्यात जाणवत नाहीत, कारण नव्याचे नऊ दिवस असतात. दहाव्या दिवसापासून त्या जाणवायला लागतात आणि उपकरण हळूहळू कपाटाकडे सरकतं.

थ्रीडी टीव्हीचं हेच झालं. ‘अवतार’ हा चित्रपट डिसेंबर २००९मध्ये आला, गाजला, आणि २०१०मध्ये जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीने थ्रीडी टीव्ही काढले. चित्र खरोखर छान दिसायचं. पण प्रत्येक बघणाऱ्याला चष्मा हवा, बऱ्याच संचांचे चष्मे चार्ज करावे लागणार, आणि चष्मा लावून बाकी काही करायची सोय नाही. लोक टीव्ही बघताना जेवतात, भांडतात, फोन चाळतात, डुलक्या काढतात. थिएटरमध्ये दोन तास चष्मा सोसवतो, कारण तिथे आपण त्यासाठीच गेलेलो असतो. २०१७पर्यंत सोनी आणि एलजीनेही हात टेकले.

याच्या उलट उदाहरण पाम पायलट या भेटी, पत्ते टिपायच्या खिशातल्या छोट्या संगणकाचं. अ‍ॅपलचा न्यूटन हा तशाच जातीचा संगणक १९९३मध्ये आला होता. तुमचं कसंही अक्षर तो वाचेल, असा त्याचा दावा होता. सुरुवातीला त्याला ते नीट जमलं नाही आणि त्याची जाहीर चेष्टा झाली. पाम कंपनीच्या जेफ हॉकिन्स यांनी आपलं यंत्र बनवण्याआधी त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरायला सुरुवात केली. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा बाहेर काढायचा आणि त्यावर टिपल्याचं नाटक करायचं. हे खिशात राहतं का, काढावंसं वाटतं का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. १९९६मध्ये आलेला पायलट न्यूटनपेक्षा कितीतरी कमी गोष्टी करायचा. त्यासाठी अक्षरं ठरावीक वळणाने गिरवायला शिकावी लागत, म्हणजे एक मागणी होतीच. पण ती एकदाच, थोडा वेळ शिकण्यापुरती होती. पायलट चालला, न्यूटन १९९८मध्ये बंद झाला.

पुस्तकं पडद्यावर वाचायचं उपकरण किंडल, हे तिसरं उदाहरण. २००७मधलं पहिलं किंडल दिसायला ओबडधोबड होतं, पडदा करडा होता, किंमत ३९९ डॉलर होती. तरी ते तग धरेल असं म्हणायला जागा होती. चार्जिंग कित्येक दिवस पुरायचं, आणि पुस्तक संगणकाला न जोडता, वेगळं मोबाइल बिल न भरता थेट उतरायचं. वाचणाऱ्याकडून त्याने फारसं काही मागितलंच नाही.

म्हणजे वापरायला सोपं असेल तर टिकतं, असंच ना?

नाही. ज्यूसेरो हे रस काढायचं यंत्र अतिशय सोपं होतं. पाकीट आत ठेवायचं, बटण दाबायचं. २०१६मध्ये ते ६९९ डॉलरला आलं, मग किंमत ३९९वर आणली. एप्रिल २०१७मध्ये ब्लूमबर्गच्या वार्ताहरांनी तीच पाकिटं हाताने पिळून दाखवली आणि जवळजवळ तितकाच रस निघाला. सप्टेंबरात कंपनी बंद. तेव्हा सोपेपणाबरोबर हेही विचारायचं की हे नसतं तर लोकांनी काय केलं असतं, आणि त्यात त्यांना कितपत त्रास झाला असता.

चांगल्या दर्जाचं उत्पादन हरतं आणि साधं जिंकतं, ते का?

बहुतेक वेळा ‘चांगलं’ कुणाच्या मोजपट्टीवर, यातच उत्तर असतं. घरी व्हिडिओ कॅसेटवर चित्रण करायचे आणि बघायचे दोन प्रकार होते. सोनीचा बीटामॅक्स १९७५मध्ये आला, जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६मध्ये. बीटामॅक्सचं चित्र थोडं सरस होतं, असं आजही हळहळत सांगितलं जातं. पण त्याच्या सुरुवातीच्या कॅसेटवर एक तास मावायचा, व्हीएचएसवर दोन. अख्खा चित्रपट एका कॅसेटवर मावतो की नाही, हा घरातल्या माणसाचा दर्जा होता. शिवाय जेव्हीसीने आपलं तंत्र इतर कंपन्यांना मोकळेपणाने वापरू दिलं, त्यामुळे यंत्रं अनेक ठिकाणांहून आणि स्वस्तात येऊ लागली. पुढे कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांनी ज्याची गिऱ्हाइकं जास्त त्याचा साठा वाढवला आणि निकाल लागला. तांत्रिक तुलना करणारे लोक ज्या गोष्टी मोजतात त्या अनेकदा मोजायला सोप्या असतात म्हणून मोजल्या जातात, हे लक्षात ठेवून परीक्षणं वाचावीत.

पहिल्या दिवशी रांगा लागल्या, माल संपला. हे यशाचं लक्षण नाही का?

उत्सुकतेचं लक्षण नक्की आहे. मायक्रोसॉफ्टचा कायनेक्ट नोव्हेंबर २०१०मध्ये आला आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकला गेला. गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. हातात काही न धरता, नुसतं अंग हलवून खेळायचं, ही कल्पना पाहताक्षणी मोहात पाडणारी होती. पण खोलीत समोर भरपूर मोकळी जागा हवी, उभं राहायला हवं, आणि दमूनभागून आल्यावर खेळायला बसणाऱ्या माणसाला नेमकं तेच नको असतं. २०१७मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी चेहरा ओळखून उघडणारा आयफोन एक्स आला. पहिल्या कायनेक्टमागे ज्या प्राइमसेन्स कंपनीचं समोरची वस्तू किती दूर आहे हे मोजण्याचं तंत्र होतं, ती अ‍ॅपलने २०१३मध्येच विकत घेतली होती. म्हणजे कायनेक्ट गेला आणि त्याच्या जातीचं तंत्र खिशात येऊन बसलं.

या प्रश्नाला आणखी एक गंमतशीर पदर आहे. एरिक अँडरसन, सॉंग लिन, डंकन सिमेस्टर आणि कॅथरिन टकर या संशोधकांनी २०१५मध्ये एका दुकानसाखळीतल्या खरेदीच्या नोंदी तपासून दाखवलं की काही गिऱ्हाइकं सातत्याने पुढे फसणाऱ्या वस्तू विकत घेतात. अशा लोकांनी एखादी नवी वस्तू उचलली, आणि विशेषतः पुन्हा पुन्हा उचलली, तर ती फसण्याची शक्यता वाढते. तो अभ्यास रोजच्या किरकोळ खरेदीचा होता, उपकरणांचा नव्हे. तरी किती जणांनी घेतलं याबरोबर कुणी घेतलं हेही पाहावं, एवढं त्यातून नक्की घेता येतं. तुमच्या ओळखीतही असा एखादा हौशी असेलच. त्याच्याकडे लक्ष ठेवा.

वस्तू बाजारात येईपर्यंत जगच बदललं तर?

असं होतं, आणि ते महागात पडतं. इरिडियमचा उपग्रह फोन नोव्हेंबर १९९८मध्ये सुरू झाला. त्यामागे सुमारे ५ अब्ज डॉलर आणि ६६ उपग्रह होते. आखणी सुरू झाली तेव्हा साध्या मोबाइलचं जाळं विरळ होतं, त्यामुळे कल्पना रास्त वाटत होती. उपग्रह वर जाईपर्यंत खाली शहरोशहरी टॉवर उभे राहिले. इरिडियमचा हँडसेट ३,००० डॉलरच्या आसपास, आकाराने बोजड, आणि घरात शिरलं की बंद. ऑगस्ट १९९९मध्ये दिवाळखोरी जाहीर झाली. पुढे दुसऱ्यांनी ती यंत्रणा मातीमोल भावात घेतली आणि ती आजही जहाजं, विमानं आणि दुर्गम भागात काम करणाऱ्यांसाठी चालू आहे. घरोघरी मात्र ती कधीच पोचली नाही.

भाकीत करताना नव्या वस्तूची तुलना जुन्या वस्तूच्या आजच्या रूपाशी करून भागत नाही. जुनी वस्तूही सुधारत असते.

एकदा मेलेली कल्पना पुन्हा उठते का?

फार वेळा. माझ्या मते हा या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. लोक ‘हे आधीच करून पाहिलंय, चाललं नाही’ असं म्हणून हात झटकतात, पण का चाललं नाही हे विचारत नाहीत.

क्यूकॅट आठवतो का? बहुतेकांना आठवणार नाही. २००० साली अमेरिकेत मांजरासारखा दिसणारा हा बारकोड वाचक लाखोंच्या संख्येने फुकट वाटला गेला. मासिकातल्या जाहिरातीखालच्या रेघांवरून तो फिरवला की संगणकावर ते संकेतस्थळ उघडायचं. अडचण अशी की तो तारेने संगणकाला जोडलेला होता. म्हणजे मासिक वाचायला संगणकासमोर बसायचं. पत्ता टाइप करायला लागणारे चार क्षण वाचवायला एवढा खटाटोप कोण करणार? कल्पनेचं हसं झालं.

क्यूआर कोड त्याआधी, १९९४मध्येच जपानमध्ये तयार झाला होता. डेन्सो वेव्ह कंपनीच्या मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी बनवला, आणि पेटंट असूनही कंपनीने तो इतरांना मुक्तपणे वापरू दिला. पाश्चात्त्य देशांत बरीच वर्षं तो चेष्टेचाच विषय होता, कारण तो वाचायला वेगळं अ‍ॅप उतरवावं लागायचं. २०१७मध्ये आयफोनचा कॅमेराच तो आपोआप ओळखू लागला. चीनमध्ये त्याच्याही आधीपासून पैसे देण्याघेण्यासाठी तो सर्रास वापरला जात होता. क्यूकॅट आणि क्यूआर यांची मूळ कल्पना एकच आहे, कागदावरून पडद्यावर उडी. फरक एवढाच पडला की वाचणारं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आधीपासून होतं.

चेहरा दाखवणाऱ्या फोनचीही हीच कथा. एटीअँडटीचा पिक्चरफोन १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात दाखवला गेला, १९७०मध्ये पिट्सबर्गमध्ये व्यावसायिक सेवा सुरू झाली. महिन्याला १६० डॉलर, त्यात ३० मिनिटं. पण बोलणार कुणाशी? समोरच्याकडेही पिक्चरफोन हवा. पहिल्या गिऱ्हाइकाला तो जवळजवळ निरुपयोगी होता. तेव्हा अनेकांनी निष्कर्ष काढला की लोकांना फोनवर चेहरा दाखवायचाच नसतो. कॅमेरा फोनमध्ये आयता आला आणि वेगळं शुल्क उरलं नाही, तेव्हा तो निष्कर्ष बाद झाला.

म्हणून बारगळलेल्या वस्तूचं कारण एका ओळीत लिहून काढावं. ‘वाचक यंत्र वेगळं लागतं’, ‘समोरच्याकडेही हवं’, ‘बॅटरी पुरत नाही’. ही कारणं पुढे दूर होऊ शकतात. ‘कुणाला गरजच नाही’ हे कारण सहसा दूर होत नाही.

तज्ज्ञांचं ऐकावं का?

ऐकावं, पण निकाल नव्हे, त्यामागचं कारण ऐकावं. २००७मध्ये मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर आयफोनच्या किमतीवर हसले, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. पण किंमत जास्त होती हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. सप्टेंबरात अ‍ॅपलनेच ती ५९९वरून ३९९ डॉलरवर आणली. बामर यांनी दाखवलेला दोष दुरुस्त होण्यासारखा होता, इतकंच.

संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेट या तंत्राच्या जनकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी १९९५च्या अखेरीस लिहिलं की १९९६मध्ये इंटरनेट कोलमडेल. तसं झालं नाही, तेव्हा १९९७मध्ये त्यांनी भर परिषदेत तो लेख पाण्यासोबत मिक्सरमध्ये फिरवून खाल्ला. एवढी सचोटी दाखवणारा भविष्यवेत्ता विरळाच.

कौतुक करणारे तज्ज्ञही तितकेच चुकतात. डीन केमन यांच्या सेगवे या उभं राहून चालवायच्या दोन चाकी वाहनाची डिसेंबर २००१मध्ये घोषणा होण्याआधी मोठमोठी मंडळी भारावून गेली होती. तोल सांभाळण्याचं तंत्र खरोखर अजोड होतं. पण किंमत ५,००० डॉलरच्या घरात, पदपथावर चालवायचं की रस्त्यावर याबद्दल गावोगावी वेगवेगळे नियम, आणि जिना आला की उचलायचं कसं याला उत्तर नाही. २०२०मध्ये उत्पादन थांबेपर्यंत जेमतेम १ लाख ४० हजारांच्या आसपास विकली गेली. शहरातला तो छोटा प्रवास पुढे मिनिटावर भाड्याने मिळणाऱ्या साध्या विजेच्या स्कूटरने बळकावला, ज्यात अजोड म्हणावं असं काहीच नव्हतं.

पाठीशी बलाढ्य कंपनी असेल तर निर्धास्त राहावं का?

उलट. मोठ्या कंपनीला एखादं उत्पादन सोडून देणं परवडतं. अ‍ॅमेझॉनने २०१४चा फायर फोन वर्षभरात गुंडाळला आणि १७ कोटी डॉलरचा तोटा हिशोबात दाखवून पुढे गेली.

आधी गाजावाजा, मग निराशा, मग स्थिर वापर, अशी एक वक्ररेषा दाखवतात. ती खरी असते का?

गार्टनर या सल्लागार कंपनीची ती रेषा १९९५पासून दाखवली जाते. चित्र म्हणून आकर्षक आहे. पण खड्ड्यात पडलेलं सगळंच वर येतं, असा भास तिच्यामुळे होतो. थ्रीडी टीव्ही आला का वर?

सध्याच्या वस्तूंबद्दल काय वाटतं? एआयची उपकरणं, स्मार्ट चष्मे, घडीचे फोन?

छातीवर लावायचा ह्युमेन एआय पिन एप्रिल २०२४मध्ये ६९९ डॉलरला आला, वर महिन्याला २४ डॉलर. फेब्रुवारी २०२५ संपता संपता तो बंदही झाला. फोनला जे येतं ते करायला फोनशिवाय आणखी एक वस्तू बाळगायची, हीच मुळात जबर मागणी होती. अशा स्वतंत्र एआय उपकरणांबद्दल मला फारशी आशा नाही. एआय टिकेल, पण जे आधीच हातात आहे त्याच्या आत शिरून.

चष्म्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. गूगल ग्लास २०१३मध्ये १,५०० डॉलरला आला आणि दोन वर्षांत सामान्यांच्या बाजारातून गेला. कपाळाशी कॅमेरा लावलेल्या माणसाशी बोलायला समोरचा बिचकतो, हे त्याचं मोठं कारण होतं. रे-बॅन आणि मेटाचे अलीकडचे चष्मे मुळात चष्म्यासारखे दिसतात, आणि ज्याला नंबर आहे तो चष्मा घालणारच असतो. म्हणजे रोजची नवी मागणी चार्जिंगपुरतीच. खपही बऱ्यापैकी होतोय. समोरच्याला नकळत चित्रण होण्याचा प्रश्न मात्र तसाच उभा आहे. एखाद्या मोठ्या प्रकरणानंतर कडक नियम आले तर माझा अंदाज कोसळेल.

डोकंभर चढवायच्या हेडसेटबद्दल साशंक आहे. अ‍ॅपलचा व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरला आला. किंमत उतरेल, पण सहाशे ग्रॅमच्या वरचं ओझं तोंडावर बांधून रोज बसायची हौस किती जणांना राहील? खेळ, प्रशिक्षण, आराखडे बघणं यासाठी राहतील.

घडीचे फोन २०१९पासून आहेत. पडदा तुटण्याच्या सुरुवातीच्या तक्रारी कमी झाल्या. ते मरणार नाहीत, सगळ्यांचेही होणार नाहीत.

विकत घेतलेली वस्तू कंपनीने बंद केली तर काय उरतं?

ते विकत घेण्याआधी विचारायचं. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर ही वस्तू काय करू शकेल? रिव्हॉल्व्ह हे घरातली उपकरणं जोडणारं यंत्र २०१६मध्ये सर्व्हर बंद करताच निव्वळ डबा होऊन बसलं. बॅटरी, बटणं सगळं ठीक असताना. सदस्यत्वाची फी, कंपनीचंच खातं आणि कंपनीचाच सर्व्हर, या तिन्ही गोष्टी अनिवार्य असतील तर ती वस्तू भाड्याने घेतली आहे असं समजूनच किंमत ठरवावी.

शेवट चांगलाही होऊ शकतो. गूगलने स्टेडिया ही खेळांची सेवा जानेवारी २०२३मध्ये बंद केली, तेव्हा गूगल स्टोअरमधून घेतलेल्या उपकरणांचे आणि खेळांचे पैसे परत दिले, आणि कंट्रोलर साध्या ब्लूटूथवर चालवण्याची सोयही करून दिली. पेबल घड्याळाची कंपनी २०१६मध्ये मिटली, पण वापरणाऱ्यांनीच रेबल नावाने पर्यायी सेवा उभारून घड्याळं चालू ठेवली, आणि जानेवारी २०२५मध्ये गूगलने त्या घड्याळाच्या प्रणालीचा बराचसा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला.